परदेशातील शिक्षण आणि समतेची दृष्टी : पंडिता रमाबाईंच्या अमेरिकाविषयक प्रवासवृत्ताचे एक वाचन

प्रस्तावना

मराठी प्रवासवर्णनाचा अभ्यास झाशीत बसून करणाऱ्या विद्यार्थ्याला पहिले पुस्तक आठवते ते विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसई गावचे हे भिक्षुक १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि झाशीला वेढा पडला तेव्हा शहरातच अडकले. एप्रिल १८५८च्या आरंभी झाशी इंग्रजांच्या हाती गेली. नंतरची लूट आणि कत्तल त्यांनी जवळून पाहिली. याच एप्रिल महिन्याच्या २३ तारखेला, गंगामूळच्या रानात, अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी रमाबाईंचा जन्म झाला. पुढे १८८३च्या सुमारास गोडसे भटजींनी आपल्या आठवणी लिहून काढल्या. त्याच वर्षी रमाबाई शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या.

तारखांचा हा मेळ योगायोगाचा आहे, पण या दोन प्रवासांकडे एकत्र पाहिले की एक प्रश्न नीट मांडता येतो. माणूस दूर गेला म्हणजे त्याची दृष्टी बदलतेच का? गोडसे भटजींनी राज्य बुडताना पाहिले, जीव वाचवत रानोमाळ भटकंती केली आणि शेवटी आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन ते घरी परतले. त्यांचे निवेदन विलक्षण जिवंत आहे. परंतु समाजाची उतरंड त्यांना निघताना जशी दिसत होती, तशीच परतताना दिसते. प्रवासाने त्यांना अनुभव दिला, प्रश्न दिला नाही. रमाबाईंच्या बाबतीत काय घडले, हे या टिपणात पाहू.

प्रश्न आधीचाच

रमाबाईंना समतेची जाणीव परदेशात झाली, असे सरसकट म्हटले जाते. हे विधान तपासून घ्यायला हवे. वडिलांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून रोष ओढवून घेतला होता. त्याच आईकडून रमाबाई संस्कृत शिकल्या. दुष्काळात आईवडील गेले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० साली त्यांनी जातीबाहेर विवाह केला आणि १८८२ साली वैधव्य आले. त्याच वर्षी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन करून त्यांनी हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची मागणी केली. म्हणजे बोटीत पाऊल ठेवण्यापूर्वीच प्रश्न पक्का झाला होता.

मग बदलले काय? त्यासाठी त्यांची दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. ‘स्त्रीधर्मनीति’ (१८८२) हे प्रवासाआधीचे पुस्तक. त्यात स्त्रियांना उद्योग, विद्या आणि स्वावलंबन यांचा उपदेश आहे. सूर असा की स्त्रीने स्वतःला सुधारावे, म्हणजे तिची स्थिती सुधारेल. दोषाचा बराचसा भार स्त्रीवरच पडतो. ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ (१८८९) या पुस्तकात मात्र लेखणीचा रोख कायदा, शाळा, नोकरी, वृत्तपत्रे आणि संघटना यांच्याकडे वळतो. एका स्त्रीचे चांगले-वाईट वर्तन मागे पडते आणि तिला बांधणारी किंवा मोकळी करणारी व्यवस्था पुढे येते. उपदेशाकडून व्यवस्थेच्या चिकित्सेकडे झालेला हा प्रवास हेच परदेशी शिक्षणाचे खरे फळ होय.

इंग्लंड आणि अमेरिका : दोन वेगळे धडे

इंग्लंडमध्ये रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला (१८८३). श्रवणदोषामुळे वैद्यकीय शिक्षणाचा विचार सोडावा लागला. चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात त्या शिकल्या आणि संस्कृत शिकवूही लागल्या. पण त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रश्न निघताच चर्चच्या वरिष्ठांनी हरकत घेतली. धर्म बदलला तरी पुरुषांचा अधिकार तिथेही होताच, हा इथला धडा. रमाबाईंनी आपली बाजू पत्रांतून ठामपणे मांडली.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत गेल्या आणि जवळपास तीन वर्षे राहिल्या. तेथे बालोद्यान शिक्षणपद्धती शिकल्या, व्याख्याने दिली, ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ (१८८७) लिहिले. बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि तिने त्यांच्या कामाला दहा वर्षे साहाय्य देण्याचे ठरवले. स्त्रिया सभा भरवतात, वर्गणी गोळा करतात, हिशोब ठेवतात, ठराव करून घेतात, हे त्यांनी रोजच्या व्यवहारात पाहिले. समतेला संस्थेचे रूप कसे द्यावे, हे त्या येथे शिकल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले शारदा सदन हे त्या शिक्षणाचे पहिले प्रात्यक्षिक होते.

पुस्तकात अमेरिकेची स्तुती भरपूर आहे, तरी ती आंधळी नाही. मूळ रहिवाशांवरील अन्याय, गुलामगिरी आणि तिच्यानंतरही उरलेला वर्णद्वेष यांकडे रमाबाई बोट दाखवतात. प्रजासत्ताकाची थोरवी सांगताना त्यातील स्त्रीला मताचा पूर्ण हक्क नाही, हेही त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

मर्यादा

येथे दोन आक्षेप विचारात घ्यावे लागतात. पहिला असा की समतेसाठी परदेश आवश्यक नाही. जोतीराव फुले कधी परदेशी गेले नाहीत. तरी गुलामांना मुक्त केल्याबद्दल अमेरिकेतील लोकांना त्यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) अर्पण केले. ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ (१८८२) लिहिली ती बुलढाण्यात राहून. आणि व्यवस्थेवरचा त्यांचा घाव त्याच वर्षीच्या ‘स्त्रीधर्मनीती’पेक्षा कितीतरी खोल होता.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. अमेरिकन श्रोत्यांपुढे रमाबाईंनी जी स्त्री उभी केली ती उच्चवर्णीय विधवा होती. शारदा सदनातही आरंभी जातीचे आचार पाळण्याची मुभा होती. पुढे १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात डॉ. आंबेडकरांनी दाखवले की सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही जातीतल्या जातीत विवाह टिकवण्याची साधने आहेत. विधवेचे दुःख रमाबाईंनी ओळखले होते. त्या दुःखाची जातीला असलेली गरज आंबेडकरांनी उकलली. तेही परदेशात शिकत होते, पण अस्पृश्यतेचा अनुभव सोबत घेऊन गेले होते.

तथापि रमाबाई तेथेच थांबल्या नाहीत. १८९६-९७च्या दुष्काळाची झळ बुंदेलखंडालाही फार बसली. त्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली-स्त्रिया आणल्या आणि केडगावच्या मुक्ती सदनात जातीचा विचार न करता आसरा दिला. हा विस्तार कोणत्याही परदेशी वर्गात शिकवला गेलेला नव्हता. त्यामागे स्वतःच्या लहानपणी पाहिलेला दुष्काळ होता.

समारोप

परदेशातील शिक्षण सुधारकाला तुलनेसाठी दुसरा समाज देते, साधने देते आणि प्रसंगी श्रोतेही देते. श्रोत्यांबरोबर त्यांच्या अपेक्षाही येतात, हे विसरू नये. मूळ प्रश्न मात्र घरच्या अनुभवातूनच न्यावा लागतो. रमाबाईंचे पुस्तक अमेरिकेची माहिती म्हणून आज जुने झाले आहे. आपल्या समाजाकडे दुरून पाहायला शिकलेल्या एका मराठी स्त्रीचा पुरावा म्हणून ते अजून वाचलेच पाहिजे.

विचारार्थ प्रश्न

१. ‘माझा प्रवास’ आणि रमाबाईंचे प्रवासवृत्त यांतील निवेदकाची सामाजिक जागा लेखनावर कसा परिणाम करते?
२. ‘स्त्रीधर्मनीति’ आणि १८८९चे प्रवासवृत्त यांतील स्त्रीविषयक विचारांची तुलना करा.
३. फुले आणि ताराबाई शिंदे यांच्या उदाहरणांमुळे या टिपणातील मांडणी कमकुवत होते की पक्की? सकारण लिहा.