‘पूर्वीचं सवाई राहिलं नाही’: या वाक्याचं संशोधनात काय करायचं?

मागच्या लेखात आपण विषय आणि संशोधनप्रश्न यांतला फरक पाहिला. ‘पुण्याची संस्कृती’ हा विषय झाला, प्रश्न नाही, इथवर आलो होतो. आज त्याच्या पुढचं पाऊल, आणि उदाहरण माझ्याच प्रबंधातल्या फसलेल्या प्रकरणाचं. दुसऱ्याच्या चुका दाखवण्यापेक्षा हे बरं, नाही का?

माझं काम कॉलेजांच्या शहरातल्या सार्वजनिक कार्यक्रमांवर आहे. पुण्याचं प्रकरण लिहायला घेतलं आणि साहजिकच सुरुवात केली सवाई गंधर्व महोत्सवापासून. पहिल्याच पानावर असं वाक्य होतं: “सवाई हा पुण्यातल्या विद्यार्थिजीवनाचा अविभाज्य भाग होता, रात्रभर चालणारी मैफल वेळेच्या बंधनामुळे संपली आणि महोत्सवाचा आत्माच हरवला.” मला वाक्य आवडलं होतं. मॅडमनी ‘विद्यार्थिजीवन’, ‘रात्रभर’ आणि ‘आत्मा’ या तीन शब्दांखाली रेघा मारल्या, समासात लिहिलं “कुणाचं? कुणासाठी? कशावरून?” आणि प्रकरण परत केलं.

दोन दिवस मी चिडून होतो. मग लक्षात आलं की ते वाक्य माझं नव्हतंच. दर डिसेंबरात छापून येणाऱ्या आठवणींच्या लेखांतून ते मी उचललं होतं. ‘पूर्वी काय सवाई असायचं! आता ते राहिलं नाही.’ तुम्हीही हे ऐकलं असेल. या प्रकारच्या लेखनावर आज थोडी टीका करायची आहे. ते खोटं असतं असं माझं म्हणणं नाही. ते अर्धं असतं, आणि उरलेलं अर्धं शोधणं हे आपलं काम असतं.

आधी पक्की माहिती

सवाई गंधर्व म्हणजे किराणा घराण्याचे रामभाऊ कुंदगोळकर. १९५२ मध्ये त्यांचं निधन झालं आणि १९५३ पासून त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी हा संगीतोत्सव पुण्यात सुरू केला. आयोजन आर्य संगीत प्रसारक मंडळाचं. २०११ मध्ये भीमसेनजी गेले, त्यानंतर महोत्सवाच्या नावात त्यांचंही नाव आलं. रमणबाग शाळेचं मैदान ही बरीच वर्षं महोत्सवाची ओळख होती. २०१८ पासून तो मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात होऊ लागला.

रात्रीच्या मैफली का थांबल्या? ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. पुढे राज्य सरकारांना वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, सांस्कृतिक किंवा धार्मिक कार्यक्रमांसाठी, रात्री १२ पर्यंत सवलत द्यायची मुभा मिळाली. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चौकट कायम ठेवली. म्हणजे आयोजकांनी परंपरा मोडली, असं म्हणण्यात अर्थ नाही. मैदानावर, ध्वनिक्षेपक लावून, रात्रभर गाणं हे बेकायदा झालं, एवढंच. मी वाचलेल्या बहुतेक आठवणींच्या लेखांत हा साधा तपशील नव्हता. ‘काळ बदलला’ एवढ्यावर भागवलेलं होतं. तुमच्या लिखाणात ‘काळ बदलला’ आलं की थांबा आणि विचारा: काय बदललं? नियम, जागा, पैसा की माणसं?

तक्रार खरी कुठे आहे

आता गाण्याकडे येऊ. हिंदुस्थानी संगीतात रागांना वेळा आहेत. भातखंड्यांनी मराठीत लिहिलेल्या ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’त त्यांची नीट मांडणी केली आहे. बागेश्री, बिहाग रात्रीचे. दरबारी आणि मालकंस मध्यरात्रीकडचे. ललत पहाटेचा, उजाडण्यापूर्वीचा. कार्यक्रम दहाला संपत असेल तर दरबारीला साडेआठ-नऊला उभं राहावं लागतं, आणि ललतला या वेळापत्रकात घरच उरत नाही.

याने काही बिघडतं का? माझ्या मते बिघडतं, पण ‘रागाचा परिणाम होत नाही’ असल्या गूढ कारणाने नाही. कारण अगदी व्यवहाराचं आहे. दहाचा काटा समोर असला की शेवटच्या कलाकाराच्या हातात ठरावीकच मिनिटं उरतात. मग विलंबित ख्याल आवरता घ्यावा लागतो. दरबारीतला आंदोलित गंधार घाईत लावायची गोष्ट नाही. मंद्र सप्तकात रेंगाळायला वेळ नसेल तर दरबारीचं फक्त नाव उरतं. मी शेवटच्या सत्रात बसून हे ऐकलंय: आलापी जमत येते, श्रोते शांत होतात, आणि नेमकी तेव्हाच द्रुत सुरू होते. इथे जुन्या श्रोत्यांची हळहळ रास्त आहे.

तक्रार तोकडी कुठे पडते

पण त्याच वेळापत्रकाची दुसरी बाजू बघा. हल्ली महोत्सव बुधवार ते रविवार असतो आणि सत्रं दुपारी सुरू होतात. म्हणजे भीमपलास, मुलतानी, मधुवंती हे दुपारचे राग आपापल्या वेळेला ऐकायला मिळतात. त्यामागोमाग सूर्यास्ताच्या सुमारास मारवा, पूरिया धनाश्री. बाहेरचा उजेड उतरतोय आणि आत मारव्याचा कोमल रिषभ लागतोय, हा योग रात्री सुरू होणाऱ्या मैफलीत कुठून येणार? महोत्सवातलं सर्वात निवांत गाणं मला बऱ्याचदा पहिल्या सत्रातच मिळालंय. मंडप निम्मा रिकामा, कलाकार तरुण, घड्याळाचा धाक नाही.

म्हणजे महोत्सवाने मध्यरात्र गमावली आणि दुपार कमावली. आठवणींच्या लेखनात पहिलं येतं, दुसरं येत नाही. यावर टीका करणं सोपं आहे. मीही दुसऱ्या मसुद्यात तेच केलं. “तक्रार चुकीची, दुपार उत्तम!” असं ठोकून दिलं. मॅडमचा शेरा तोच: “कुणासाठी?”

दुपारी मोकळं कोण असतं?

बुधवारी दुपारी मंडपात आजूबाजूला पाहिलं तर उत्तर समोर होतं. बरेचसे निवृत्त. कॉलेजातली पोरं फार थोडी. डिसेंबर म्हणजे सत्रपरीक्षा आणि प्रॅक्टिकलचे दिवस. नोकरी करणारा सहानंतर सुटणार आणि वाहतुकीतून पोचेपर्यंत मारवा संपलेला.

मग रात्रभराची मैफल विद्यार्थ्यांसाठी बरी होती का? मुलांसाठी एका अर्थी होती. रात्रभर बसायचं, पहाटे पहिली बस धरायची; परत कसं जायचं हा प्रश्नच नाही. पण मुलींच्या वसतिगृहांना दार बंद व्हायची वेळ असते. रात्रभराच्या मैफलीला किती जणींना परवानगी मिळाली असेल? ज्यांना मिळाली नाही त्यांनी ‘आमचं न पाहिलेलं सवाई’ असा लेख लिहिलेला मी तरी वाचलेला नाही.

हा मुद्दा नीट लक्षात ठेवा, कारण तुमच्या प्रत्येक मुलाखतीत तो येणार आहे. आठवण तोच सांगतो जो तिथे होता. जो दारातून परत गेला किंवा निघूच शकला नाही, त्याची साक्ष आपल्याकडे आपोआप येत नाही. ती शोधायला उठावं लागतं.

खाड्याची वही

मी कुठे शोधली सांगतो. हसू नका. मेसमध्ये.

पेठेत मेसला जेवणाऱ्यांना ‘खाडा’ सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी: आगाऊ कळवून जेवण चुकवलं तर त्याचे पैसे हिशोबातून वजा होतात, तो खाडा. मी जेवतो तिथल्या काकूंकडे त्याची वही असते. मला वाटलं, सवाईच्या आठवड्यात संध्याकाळचे खाडे वाढले असतील तर पोरं गाण्याला गेली असं म्हणता येईल. काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, “बघ की. पण दिवाळीचं बघायचं असेल तर सांग, तेव्हा वही भरते.”

सवाईच्या आठवड्यात वही नेहमीसारखीच होती. मला वाटलं, सापडलं! आणि पुन्हा घाई केली. एक तर ही एका मेसची एका वर्षाची वही. दुसरं, खाडा आगाऊ कळवावा लागतो. आयत्या वेळी गेलेल्याची नोंद कुठून असणार? तिसरं, रविवारी संध्याकाळी मेसला सुट्टीच असते, आणि महोत्सवाचा शेवट नेमका रविवारी. ज्या संध्याकाळी पोरं जाण्याची शक्यता सर्वात जास्त, त्याच संध्याकाळचं पान कोरं.

तरी वहीने एक काम केलं. शेजारच्या ताटावरच्या मुलाशी बोलणं निघालं. लातूरहून आलेला, स्पर्धा परीक्षेचा तिसरा प्रयत्न, अभ्यासिकेत दिवसाचे बारा तास. त्याने विचारलं, “सवाई म्हणजे ते दुपट्टे घालून जातात ते ना? तिकीट असतं का?” भारतीय बैठकीचं तिकीट सर्वात स्वस्त असतं, मी सांगितलं. तो म्हणाला, “पैशाचं नाही हो, सर. तिथं जाऊन बसायचं कसं, टाळी कधी द्यायची, ते कळत नाही.” याच मुलाने दोन वर्षं ढोल पथकात वादन केलंय. ऑगस्टमध्ये नदीपात्रात सराव, विसर्जनाला लक्ष्मी रस्त्यावर तासन्‌तास खांद्यावर ढोल. संगीताची आवड नाही असं त्याच्याबद्दल कसं म्हणाल? माझ्या प्रकरणातल्या ‘विद्यार्थिजीवना’त तो कुठेच नव्हता. मी त्याच्यासोबत रोज जेवत होतो.

मग त्या वाक्याचं काय करायचं?

फेकायचं नाही. ‘पूर्वीचं राहिलं नाही’ हे महोत्सवाबद्दलचं विधान म्हणून तपासायचं आणि बोलणाऱ्याबद्दलची माहिती म्हणून जपून ठेवायचं. कामाची पद्धत अशी:

१. वाक्यातल्या तक्रारीचे तुकडे करा. वेळ, जागा, गाणं, माणसं. प्रत्येक तुकड्याला वेगळा पुरावा लागतो.

२. काय गेलं याच्या शेजारी काय आलं ते लिहा. दोन्हीसमोर ‘कुणासाठी’ हा रकाना ठेवा.

३. जे तिथे नव्हते त्यांच्यापैकी निदान काही जणांशी बोला. ते मंडपात भेटणार नाहीत. मेसमध्ये, अभ्यासिकेत, बसस्टॉपवर भेटतील.

४. पुरावा मिळाल्यासारखा वाटला की तो काय टिपू शकत नाही हे आधी लिहून काढा. माझी खाड्याची वही आठवा.

माझं वाक्य आता असं आहे: “ध्वनिक्षेपकावरच्या निर्बंधांमुळे महोत्सव रात्रीतून दुपारी सरकला. त्यामुळे रात्रीच्या रागांचा विस्तार आक्रसला आणि दुपारच्या रागांना जागा मिळाली. मात्र दोन्ही वेळापत्रकांत शहरातल्या विद्यार्थ्यांचा एक मोठा गट मंडपाबाहेर राहिला असावा, आणि त्याची कारणं वेगवेगळी आहेत.” पहिल्यापेक्षा रुक्ष आहे, मान्य. ‘असावा’ हा शब्द मॅडमनी घालायला लावला, आणि त्यामुळे पुढचं वर्षभर काय शोधायचं ते मला कळलं.

त्या मुलाला मी यंदा दुपारच्या सत्राला येतोस का विचारलंय. परीक्षेची तारीख आली नाही तर येतो म्हणालाय. आला तर त्याची मुलाखत घेणार नाही, नुसतं शेजारी बसणार. टाळी कधी द्यायची हे मलाही अजून नीट कळत नाही.