उजेडाला घातलेली मुरड

उजव्या हेडलाइटचा वरचा कान, म्हणजे बोल्ट बसतो ती प्लास्टिकची पट्टी, तुटला तो कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका अरुंद बोळात, गाडी मागं घेताना. काच शाबूत होती, बल्बही शाबूत. बटण दाबलं की दिवा लागायचा. त्यामुळं दोन दिवस काही बिघडलंय असं वाटलंच नाही. तिसऱ्या दिवशी रात्री रंकाळ्यावरून परतताना समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारू लागला. एका मोटारसायकलवाल्यानं तर डोळ्यांवर हात धरून गाडी कडेला घेतली. मागं बसलेल्या बाईंच्या मांडीवर मूल होतं. तेव्हा लक्षात आलं की दिवा जळतोय, पण त्याला धरून ठेवणारं हाड मोडलंय. मान वर झालेला तो उजेड रस्ता सोडून माणसांच्या डोळ्यांत शिरत होता.

उद्यमनगरात एका जुन्या मिस्त्रींना दिवा दाखवला. सत्तरीचे असतील. त्यांनी तो उलटा केला, बोटानं तुटलेली कड चाचपली. म्हणाले, "काच फुटल्याली न्हाई, पाणी शिरल्यालं न्हाई. नुस्ता कान जोडायचा हाय. घरात बसून हुतंय की दादा. पर गडबड करू नगा." मग जरा थांबून म्हणाले, "आन् जोडून झालं म्हंजे काम झालं न्हवं. फोकस बघायचा."

त्यांच्या सांगण्यावरून तो दिवा आठवडाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर होता. आवडती कविता आपण पुन्हा पुन्हा वाचतो आणि दर खेपेला तिच्यात एखादा नवा जोड दिसतो, तसा तो आठवडा गेला. म्हणून हे त्या दिव्याचं आणि त्याच्या दुरुस्तीचं रसग्रहण.

आधी बल्ब. एच-फोर जातीचा, बारा व्होल्टचा, ६०/५५ वॉटचा. काचेला बोट लावायचं नाही, कारण बोटाचा तेलकटपणा त्या तापणाऱ्या काचेवर बसला की तिथंच ती दगा देते. बुडाच्या पत्र्याच्या चकतीला धरून तो खिडकीच्या उजेडात न्यावा. आत दोन तारा दिसतात, एक अप्परची, एक डिपरची. अप्परची तार रिफ्लेक्टरच्या वाटीच्या नेमक्या नाभीवर बसते. ही वाटी भूमितीतल्या पॅराबोलाची असते, त्यामुळं नाभीतून निघालेला उजेड तिच्यावर आपटून सरळ, समांतर लांब जातो. डिपरची तार नाभीच्या जरा पुढं असते आणि तिच्या खाली धातूची एक इवलीशी पन्हाळी असते. नखाएवढीच. तिच्यामुळं खालचा उजेड अडतो, फक्त वर गेलेला उजेड वाटीच्या वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली वळून रस्त्यावर येतो.

सगळ्या रचनेचा प्राण या पन्हाळीत आहे. वाऱ्यात निरांजन नेताना आजी ज्योतीपाशी तळहात आडवा धरायची. ज्योत वाचायची आणि आजीच्या चेहऱ्यावर झळही यायची नाही. ही पन्हाळी म्हणजे तोच तळहात. तिची एक कड पंधरा अंशांनी उतरती असते. आपण डाव्या बाजूनं गाडी चालवतो, म्हणून त्या उतारातून निसटलेला उजेड डावीकडं थोडा उचलला जातो. डाव्या कडेनं चालणारा माणूस, सायकल, मैलाचा दगड त्यात दिसतात. उजवीकडून समोर येणाऱ्याचे डोळे मात्र अंधारात, सुखरूप राहतात. कुणाला किती उजेड द्यायचा आणि कुणाला द्यायचा नाही, याचा एवढा विचार नखाएवढ्या पत्र्यात घडवलेला आहे. चांगल्या कवितेत न लिहिलेली ओळ जे काम करते, ते काम दिव्यात हा अडवलेला उजेड करतो.

बल्बच्या चकतीलाही तीन कान असतात, आणि ते असे मांडलेले की बल्ब एकाच स्थितीत बसतो. उलटा बसवायला गेलात तर बसतच नाही. हे कान शाबूत म्हणून तार वाटीच्या नाभीशी बांधलेली राहते आणि दिव्याचे मोठे कान शाबूत म्हणून वाटी गाडीशी. एक दुवा निसटला की पन्हाळीनं केलेला सगळा विचार वाया जातो.

उजेडाची दिशा ही गोष्ट कोल्हापूरकराला नवी नाही. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. ढग आले, धुरकं आलं, वाटेत एखाद्या इमारतीचा कोपरा आला, तर किरणं पुरती पोचत नाहीत, आणि मग गावभर त्याचीच चर्चा होते. सूर्य रोजच मावळतो. सोहळा होतो तो किरणं नेमक्या जागी पोचतात म्हणून.

आता दुरुस्ती. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली, कपलर काढला, मागचं रबरी टोपण काढलं, दहा नंबरच्या पान्यानं बोल्ट काढले. दिव्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत प्लास्टिकची जात कोरलेली असते, ती आधी वाचायची. आमच्या दिव्यावर 'पीपी' होतं, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. डब्यांची झाकणं याचीच असतात. याला साधा गोंद धरत नाही. झटकन चिकटणारा गोंद तर इथं नकोच, त्याच्या वाफेनं काचेवर पांढुरकी झाक चढते. या प्लास्टिकला जोडायचं ते उष्णतेनं, आणि त्याच जातीच्या प्लास्टिकनं. भंगारातल्या एका बंपरवर 'पीपी'चीच खूण सापडली, त्याच्या बोटभर पट्ट्या कापून घेतल्या. मजबुतीला चहाच्या जुन्या स्टीलच्या गाळणीची जाळी कापली.

इथं मिस्त्रींचं 'गडबड करू नगा' कामी आलं. तुटलेला कान टेबलावर जोडला असता तर तो दिसायला नीट बसला असता, पण त्याचं भोक दोन मिलिमीटर तरी सरकलं असतं. दोन कानांत चाळीस सेंटिमीटरचं अंतर धरलं, तर हे दोन मिलिमीटर पन्नास मीटरवर पाव मीटर होतात. तेवढ्यानं उजेडाची कड रस्त्यावरून समोरच्या माणसाच्या डोळ्यांच्या दिशेनं वर सरकते. म्हणून दिवा पुन्हा गाडीत बसवला, शाबूत बाजूंचे बोल्ट आवळले, तुटका कान त्याच्याच बोल्टवर चढवला आणि दोन्ही कडा जिथं आपसूक भेटल्या तिथंच सोल्डरिंगच्या कावीनं चार टाके घातले. मग दिवा बाहेर काढून टेबलावर बाकीचं काम केलं. भेगेवर कानशीनं खाच पाडली, जाळी ठेवून कावीनं हलके दाबली. ती मऊ झालेल्या प्लास्टिकमध्ये हळूहळू बुडाली, चिखलात पाऊल रुतावं तशी. वरून पट्टी वितळवून थर दिला. हे प्लास्टिक १६० अंशांच्या आसपास वितळतं आणि कावी त्याहून कितीतरी जास्त तापते, म्हणून टेकवायची आणि उचलायची. धूर निघाला की समजायचं, प्लास्टिक जळालं आणि जोड ठिसूळ झाला. खिडक्या उघड्या ठेवून, पाणी न मारता, आपोआप गार होऊ दिलं.

जोड दिसायला देखणा नाही. जाड, खडबडीत, जखमेच्या व्रणासारखा आहे. पण तो बोनेटखाली जातो, आणि त्याचं सौंदर्य भिंतीवर दिसतं.

ती भिंत गल्लीच्या टोकाला होती. रात्री दहानंतर सपाट जागेवर गाडी उभी केली, चाकांतली हवा तपासली, शेजारच्या दादांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. टेपनं दहा मीटर मोजले. भिंतीवर खडूनं एक रेघ दिव्याच्या मध्याच्या उंचीवर, दुसरी तिच्या खाली दहा सेंटिमीटरवर. मग डिपर लावून मागचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत गेलो. उजेडाची वरची कड आधी वर चढलेली होती, मग सावकाश उतरत खालच्या रेघेवर येऊन टेकली. वर अंधार, खाली उजेड, मधे सुरीनं कापल्यासारखी कड, आणि डाव्या हाताला तो पंधरा अंशांचा चढ. डावा दिवा आणि उजवा दिवा एका ओळीत आले. शेजारचे दादा नुसतं म्हणाले, "बसला की!"

उजेडाचं यंत्र हातानं घडवणं या गावाला नवं नाही. १९१८ साली बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामले यांच्या साथीनं याच गावात चित्रपटाचा कॅमेरा स्वतः तयार केला. १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' हा चित्रपट पडद्यावर आला. खरी कॉर्नरला आज कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभा आहे. कॅमेऱ्यात भिंग मोलाचं खरं, पण फिल्मची प्रत्येक चौकट त्याच जागी येऊन थांबली नाही तर पडद्यावरचं चित्र थरथरतं. उजेड पकडणारं यंत्र असो की उजेड टाकणारं, त्याचा जीव धरून ठेवणाऱ्या भागात असतो. या गावच्या हातांना ते शंभर वर्षांपासून ठाऊक आहे.

प्रत्येक दिवा असा घरी नीट होत नाही. काच तडकून आत पाणी शिरलं असेल किंवा रिफ्लेक्टरचा मुलामा उडाला असेल, तर दिवा बदलावाच. आणि जास्त उजेडाच्या हौसेनं हॅलोजनच्या वाटीत एलईडी बल्ब खोचू नये. ती वाटी एका तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेली आहे, दुसरा उजेड तिथं बसवला की तो भलतीकडं फेकला जातो.

गळीत हंगामात आपल्या रस्त्यांवर रात्रभर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या असतात. कित्येकांना मागं दिवा नसतो. समोरच्या गाडीच्या उजेडानं दोन सेकंद डोळे दिपले की त्या दिसत नाहीत, आणि त्या दोन सेकंदांत घरं उघडी पडतात. हंगाम सुरू व्हायच्या आधी एका रात्री आपली गाडी भिंतीसमोर दहा मीटरवर उभी करा, डिपर लावा आणि उजेडाची कड कुठं आहे ते बघा.