वेताळाचे वतन

चित्रकथा हा समीक्षेचा विषय नव्हे, असे आपल्याकडे गृहीत धरले जाते. कादंबरीवर परिसंवाद होतात, कवितेवर वाद झडतात. पण शाळकरी पोराने भूगोलाच्या पुस्तकात दडवून जे वाचले, त्याने त्याच्या मनावर काय कोरले याचा हिशेब कुणी मांडत नाही. दलित समीक्षेनेही तो फारसा मांडलेला नाही. आपण रामायण-महाभारताची झडती घेतली. ती घ्यायलाच हवी होती. परंतु माझ्या पिढीतल्या कितीतरी मुलांनी पोथी उघडण्याआधी वेताळ वाचला होता, आणि त्या वेताळाची झडती अजून व्हायची आहे.

पिंपळगाव राजा हे माझे गाव. खामगावला बाजारहाटाला गेलेला कुणीतरी रद्दीतून 'इंद्रजाल कॉमिक्स'चा अंक आणी. तो गावात फिरून आमच्या वस्तीत येईपर्यंत कव्हर निघालेले असे आणि बहुतेक वेळा शेवटचे पानही. त्यामुळे अनेक गोष्टींचा शेवट मला आजही ठाऊक नाही. पण सुरुवात पाठ होती, कारण ती दर दोन-चार अंकांनी पुन्हा सांगितली जाई. १५३६ साली चाचे एक जहाज लुटतात, कप्तानाला ठार मारतात. त्याचा मुलगा वाहत किनाऱ्याला लागतो. बुटक्या जंगलवासीयांची टोळी त्याला वाचवते. बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून तो शपथ घेतो, की मी आणि माझे वंशज अन्यायाशी लढू. तोच पहिला वेताळ. ज्याच्या गोष्टी आम्ही वाचत होतो तो एकविसावा.

हा मुलगा इंग्रज होता. त्याचा बाप इंग्रज दर्यावर्दी. ही गोष्ट रचणारा ली फॉक अमेरिकन, पण त्याने नायकाचे रक्त इंग्रज निवडले आणि त्याचे राज्य समुद्रापारच्या जंगलात वसवले. १७ फेब्रुवारी १९३६ रोजी ही चित्रमालिका अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत सुरू झाली. प्रारंभीच्या कथांत त्या देशाचे नाव बंगालशी जुळणारे होते. पुढे तो देश हळूहळू आफ्रिकेकडे सरकला. मार्च १९६४ मध्ये मुंबईहून टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेने 'इंद्रजाल' काढले, तेव्हा हिंदी वाचकाला तो बंगाल खटकू नये म्हणून देशाचे नाव 'डेंकाली' झाले. आणि मराठीत नायकाचे नाव झाले वेताळ.

या नावापाशी मला थांबावेसे वाटते. वेताळ कोण? भुतांचा राजा, शिवेचा राखणदार. कोकणात आणि देशावर गावकुसाबाहेर शेंदूर फासलेला त्याचा दगड असतो. आमच्या वऱ्हाडात म्हसोबा, मुंजा, मरीमाय यांचा तोच पसारा. हे देव देवळातले नव्हेत, वेशीबाहेरचे. त्यांना संस्कृत मंत्र लागत नाही, त्यांचा नैवेद्य शिवेपर्यंत वाहून नेणारे हात बहुधा आमचेच असत. म्हणजे गावाने जे आमच्यासारखेच बाहेर ठेवले होते त्यातले हे एक नाव. ते मुंबईच्या एका कचेरीत उचलले गेले आणि जांभळ्या घट्ट कपड्यांतल्या एका गोऱ्या माणसाला चिकटवले गेले. यात कुणाचे कारस्थान होते असे मी म्हणत नाही. भाषांतर करणाऱ्याला एक सोयीचा शब्द सापडला, इतकेच झाले असेल. पण आमच्या वस्तीतल्या पोरांना तो शब्द आपला वाटला, आणि त्या शब्दामागून तो गोरा माणूस आपला वाटू लागला.

आणि तो आवडला, हे कबूल केल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. वेताळाच्या उजव्या हातात कवटीची अंगठी. तो दुष्टाच्या जबड्यावर ठोसा मारी आणि त्या कवटीची खूण उमटे. ती कधीच पुसली जात नसे. दुसऱ्या हाताच्या अंगठीची खूण चांगली. ती ज्याच्यापाशी आहे त्याच्या केसाला कुणी धक्का लावू शकत नसे. दहा वर्षांच्या मला याचे केवढे वेड होते! आज त्याचे कारण समजते. गावात खूण आमच्यावर होती. ती आम्ही काही करण्याआधीच उमटलेली होती. पाणी वरून ओतले जाई, चहाचा कप वेगळा विसळावा लागे. इथे मात्र असे एक जग होते जिथे खूण कृत्यावरून पडे, जन्मावरून नाही. मारणारा मार खाई आणि सगळ्या जगाला ते त्याच्या तोंडावर दिसे. गावातल्या काही जबड्यांवर मी मनातल्या मनात ती अंगठी कितीदा उमटवली आहे.

माझ्या आजोबांना वाचता येत नव्हते. त्यांनी उमेदीची वर्षे महारकीत घातली होती. सांगावे पोचवणे, साऱ्याच्या वेळी घरोघर हाका घालणे, मेलेले ढोर ओढणे, रात्री-अपरात्री शिवेवर जाणे. एकदा मी त्यांना चित्रे दाखवत वेताळाची गोष्ट सांगितली. बाप, मग मुलगा, मग त्याचा मुलगा, असे एकवीस पिढ्या जंगल राखतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मंग ह्या तुह्या येताळाले खळ्यावर काय भेटते रे बापू?"

मी सांगितले, की त्याच्या गुहेत सोन्याची, हिऱ्यांची खोली आहे.

"अन् आमाले?" एवढेच ते म्हणाले आणि तंबाखू मळू लागले.

वेताळावरची याहून नेमकी समीक्षा मी वाचलेली नाही. कारण ली फॉकने जे रचले ते दुसरेतिसरे काही नसून वतन आहे. बापाचे काम मुलाला, मुलाचे नातवाला. निवड नाही, नकार नाही, लायकीची परीक्षा नाही. फरक एवढाच की एका राखणदाराच्या वाट्याला कवटीचे सिंहासन व रत्नांची खोली आली आणि दुसऱ्याच्या वाट्याला शिळी भाकर व खळ्यावरचे सुपभर धान्य. पहिल्याच्या वतनाला शौर्य म्हणतात. दुसऱ्याचे वतन मोडायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. आमचे वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात; तो कायदा आम्हाला लागू नव्हता, पण काम तेच होते.

योगायोग असा की ज्या १९३६ साली वेताळ जन्मला, त्याच वर्षी लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने नाकारलेले भाषण बाबासाहेबांनी स्वतः छापून प्रसिद्ध केले. माणसाचे काम त्याच्या जन्मावरून ठरवणारी व्यवस्था सुधारता येत नाही, ती तिच्या धर्माधारासकट मोडावी लागते, हा त्या निबंधाचा गाभा. एकाच वर्षी जगाच्या एका टोकाला जन्मसिद्ध कामाचे गुणगान सुरू झाले आणि दुसऱ्या टोकाला त्याचा मृत्युलेख लिहिला गेला. पहिले माझ्या हाती दहाव्या वर्षी आले. दुसरे कॉलेजात गेल्यावर. हा क्रम आपल्या कितीतरी मुलांचा असेल.

वेताळ मरत नाही, अशी जंगलात समजूत असते. प्रत्यक्षात तो मरतो. बापाला पुरून मुलगा तेच कपडे, तोच मुखवटा चढवतो आणि बाहेर येतो. चारशे वर्षे लोकांना वाटते, माणूस तोच. मला यात जातीचे इतके स्वच्छ चित्र दिसते की फॉकला भारत ठाऊक नसताना हे कसे सुचले याचे नवल वाटते. जातही अशीच अमर आहे. माणसे मरतात, कपडे उतरवून पोराच्या अंगावर चढवले जातात. आणि हे गुपित कोण सांभाळते? बुटके बांदर. वेताळ मर्त्य आहे हे त्यांना ठाऊक असते, तरी ते बाहेर बोलत नाहीत. त्यांचा सरदार गुरन हा वेताळाचा बालमित्र, पण त्याच्या गोष्टी नाहीत, त्याच्या एकवीस पिढ्या कुणी मोजलेल्या नाहीत. पहिल्या वेताळाला ज्यांनी समुद्राकाठून उचलून जगवले, त्यांच्याच नातवंडांना तो 'संरक्षण' देतो! बांदर हे नावही कुठून आले असेल याचा अंदाज करता येतो. किपलिंगच्या 'जंगल बुक'मध्ये माकडांच्या जमातीला बांदर-लोग म्हटले आहे. जंगलातल्या माणसांना वानर ठरवायचे आणि मग त्यांना नायकाच्या सेवेत उभे करायचे, ही युक्ती आपल्याला नवी नाही. तिच्यासाठी किपलिंगपर्यंत जायची गरजही नाही.

काळाबरोबर वेताळ बदलला, हे खरे आहे. डेंकालीतली गोऱ्यांची वसाहत गेली, डॉ. लुआगा हा निवडून आलेला काळा राष्ट्राध्यक्ष आला. १९७७ साली वेताळाचे लग्न झाले. वधू डायना संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करणारी. परंतु जंगलाच्या गस्ती दलाचा अज्ञात सेनापती तोच राहिला. हुकूम तिजोरीतून येतो, कुणाकडून येतो ते शिपायांना माहीत नाही. स्वातंत्र्यानंतर आपल्या गावांत काय झाले? सरपंचाच्या खुर्चीवर राखीव जागेतून आपला माणूस बसला आणि हुकूम वाड्यातूनच येत राहिला. लुआगाकडे पाहताना मला असे काही सरपंच आठवतात.

'इंद्रजाल'ने १९७६ मध्ये 'बहादूर' आणला, आबिद सुरती यांचा. तो दरोडेखोराचा मुलगा. बापाचा मार्ग सोडून तो गावांच्या रक्षणासाठी नागरिकांचे दल उभे करतो. जन्माने काम ठरत नाही, एवढे तरी तिथे मान्य होते, आणि म्हणून वेताळापेक्षा मी त्याला वरचे स्थान देतो. पण त्याच्या गावांत दरोडेखोर होते, जात नव्हती. १९६३ मध्ये बाबुराव बागुलांचे 'जेव्हा मी जात चोरली होती' आले होते. एका कथासंग्रहाला जे दिसले ते सव्वीस वर्षे चाललेल्या चित्रकथेला दिसले नाही. १९९० मध्ये 'इंद्रजाल' बंद पडले.

नायकाला स्वतःच्याच पुराणाची झडती घ्यायला लावता येते का? येते, आणि ते इंग्लंडमध्येच घडले. १९५४ साली मिक अँग्लो याने 'मार्व्हलमॅन' उभा केला, तो निव्वळ धंद्याच्या गरजेतून. अमेरिकेतला कॅप्टन मार्व्हल कोर्टकचेरीनंतर बंद झाला. त्याची इंग्लंडमधली पुनर्मुद्रणे छापणाऱ्याला मजकूर उरला नाही. मग केसांचा रंग बदलला, नाव बदलले, मंत्र बदलला. 'अटॉमिक' उलटा म्हणून 'किमोटा'. १९६३ पर्यंत हा उसना नायक उडत राहिला. १९८२ मध्ये 'वॉरियर' मासिकात ॲलन मूर या लेखकाने तो पुन्हा उचलला, पण वेगळ्या रीतीने. आता मायकेल मोरन हा चाळिशीचा, थकलेला पत्रकार आहे. त्याला उडण्याची स्वप्ने पडतात. मंत्र आठवतो आणि तो पुन्हा नायक होतो. पुढे त्याला समजते, की आपले सारे पराक्रम कधी घडलेच नव्हते. एका गुप्त सरकारी प्रयोगशाळेत झोपवून ठेवून ती स्वप्ने त्याच्या डोक्यात भरली होती, आणि भरणाऱ्याने ती एका पोरांच्या चित्रकथेतून उचलली होती.

हे वाचताना मला पहिल्यांदा ज्याची आठवण झाली ते ॲलन मूरच्या देशातले पुस्तक नव्हते. १८७३ चे 'गुलामगिरी' होते. जोतीरावांनी धोंडिबाशी बोलत बोलत एकेक अवतार उलगडून हेच केले: तुझ्या डोक्यातली पुराणे तुझी नाहीत, ती भरली गेली आहेत, भरणारा कोण आणि त्याचा फायदा काय ते बघ. मूरने जे एका नायकाच्या बाबतीत केले ते जोतीरावांनी एकशे नऊ वर्षे आधी सबंध शूद्रातिशूद्र समाजाच्या बाबतीत केले होते. दुर्दैव असे की मूरच्या पद्धतीवर इंग्रजीत पुस्तके निघतात आणि 'गुलामगिरी'च्या रचनापद्धतीकडे, कथनाचा एक प्रकार म्हणून, आपलेच प्राध्यापक क्वचित पाहतात.

परंतु मूरची गोष्ट तिथे संपत नाही, आणि माझी खरी अस्वस्थता तिथून सुरू होते. १९८९ मध्ये ती कथा संपते तेव्हा जागा झालेला नायक जगाचा देव झालेला असतो. भूक गेली, युद्ध गेले, पैसा गेला. आणि माणसे खाली उभी राहून वर बघतात. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात रानड्यांच्या जयंतीला बोलताना बाबासाहेबांनी विभूतिपूजेचा प्रश्न नेमका मांडला होता. थोर माणसाचा आदर वेगळा आणि त्याची आंधळी पूजा वेगळी. आणि समाजातली घाण काढायला जो स्वतः हात घालतो तो थोर, असा त्यांचा आशय होता. झाडूचे काम ज्यांच्यावर लादले गेले त्यांच्यातून आलेल्या माणसाने थोरपणाची कसोटी झाडूपाशी आणून ठेवली, यातली धार आपण पुरेशी ओळखलेली नाही.

म्हणून बाबासाहेबांच्या चित्रकथांकडेही मी सावधपणेच पाहतो. १९७९ मध्ये 'अमर चित्र कथा'ने बाबासाहेबांवर अंक काढला. हे अनंत पै यांचे काम, जे 'इंद्रजाल'च्या सुरुवातीलाही त्या संस्थेत होते. तो अंक घराघरांत गेला, त्याचे ऋण मी मानतो. पण त्याची चौकट वेताळाचीच: एकटा पुरुष, एकापाठोपाठ एक विजय, आणि मागे घोळका. महाडच्या तळ्यावर हजारो लोक चालत गेले होते. त्यांच्यात बाया होत्या, म्हातारे होते. चौकटीत ते ठिपके झाले, गुरनच्या बांदरांसारखे.

२०११ मध्ये 'भीमायन' आले. दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी त्यात चौकोनी चौकट घालायलाच नकार दिला. त्यांच्या घराच्या भिंती-अंगणातली 'दिग्ना' ही नक्षी पानातून वाट काढत जाते. बोलण्याचे फुगेही एकसारखे नाहीत: मायेने बोलणाऱ्याचा फुगा पाखराच्या आकाराचा, आणि विटाळाचे बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. मी ते पुस्तक गावी नेले होते. वस्तीतल्या एका मुलीने ते उलटसुलट करून पाहिले आणि मला विचारले, "याच्यात पह्यल्यांदा कोन्तं वाचाचं, आबा?" मी म्हटले, कुठूनही वाच. तिने विंचवाची नांगी असलेले फुगे बोटाने मोजायला सुरुवात केली.