ध चा मा, दर माणशी

खून जुना झाला की त्याला इतिहास म्हणतात. आणखी जुना झाला की त्याला तिकीट लावतात. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात 1888 साली कुणा अज्ञात इसमानं पाच बायका मारल्या. तो कोण, हे अजून ठरलेलं नाही. पण त्या न ठरण्यावर तिथं संध्याकाळी माणसांचे थवेच्या थवे गल्लीबोळांतून हिंडवून आणतात. खुनी त्या वेळीच सापडला असता तर किती जणांची पोटं मारली गेली असती, कल्पना करवत नाही.

मग पुण्यानं मागं का राहावं? आपल्याकडं शनिवारवाडा आहे, नारायणरावांचा खून आहे, आणि 'ध चा मा कुणी केला?' हे कोडं आहे. अशी एक फेरी पाहायला मी इनामगावहून खास एसटीनं गेलो. दोन तास चाललो. आता परीक्षण लिहायचं, तर रिवाजाप्रमाणं आधी गुण सांगतो.

गाईडचा आवाज खणखणीत. कीर्तनाला उभा राहिला तर आरतीचं ताट भरून जाईल. वाडा 1732 साली राहता झाला, 1828 च्या आगीत आतली लाकडी इमारत जळाली, आता तट, दरवाजे आणि जोती उरली आहेत, हे त्यानं न अडखळता सांगितलं. दिल्ली, मस्तानी, खिडकी, गणेश अशी दरवाजांची नावं पाठ. नारायण दरवाजापाशी त्यानं सगळ्यांना थांबवलं. पेशव्यांचा छिन्नविच्छिन्न देह दहनासाठी इथून बाहेर काढला असं सांगतात, एवढं बोलून तो गप्प राहिला. ते गप्प राहणं उत्तम जमलं. लगेच त्यानं "काका, मला वाचवा!" अशी आरोळी ठोकली. तीही जमली, फक्त घोळक्यातले एक वयस्कर गृहस्थ दचकून "कोण रे? काय झालं?" म्हणत पुढं धावले.

गुण संपले.

पहिली हरकत त्या आरोळीवरच. ती म्हणे पौर्णिमेच्या मध्यरात्री अजून ऐकू येते. खून झाला 30 ऑगस्ट 1773 ला, भाद्रपद शुद्ध त्रयोदशीस. उद्यावर अनंत चतुर्दशी आलेली. गारदी थकलेल्या पगाराचं निमित्त करून वाड्यात घुसले ते भर दुपारी. मग भुतालाच रात्रपाळी कुणी लावली? अठरा वर्षांचा पोरगा जिवाच्या आकांतानं चुलत्याच्या गळ्यात पडला, ही हकिकत पुरेशी भयंकर आहे. तिला भुताची फोडणी लागत नाही.

दुसरी हरकत पाटीवर. गाईडनं पिशवीतून पाटी काढली, खडूनं 'धरावे' लिहिलं, बोटानं 'ध' पुसून 'मा' काढला. टाळ्या पडल्या. आता तेव्हाचा कारभार चाले मोडीत. मी म्हटलं, "मोडीतला ध काढून दाखवा की." तो म्हणाला, "प्रश्न शेवटी." शेवटी चहा होता.

ग्रँट डफनं 1826 साली छापलेल्या इतिहासात ही हकिकत आहे. रामशास्त्र्यांनी तो हुकूम मिळवून पाहिला, 'धरावे'चं 'मारावे' केलेलं आढळलं. आणि हे आनंदीबाईंचं काम असं सगळे समजतात. इथं जरा थांबा. खाडाखोड पाहिली ती शास्त्र्यांनी. हात कुणाचा, हे मात्र 'सगळे समजतात' आणि तेही खुनानंतर त्रेपन्न वर्षांनी छापलेलं. आमच्या गावात 'सगळे म्हणतात' असं कुणी म्हणालं, तर पारावरचं म्हातारं विचारतं, "पहिलं कोण म्हणालं ते सांग." तो मूळ कागद काही आज पाहायला मिळत नाही. तरी फेरीत त्याचा निकाल अर्ध्या मिनिटात लागला. गाईडनं घोळक्याला विचारलं, "कुणी केलं?" आणि चौथीतल्या पोरापासून सगळे एका सुरात ओरडले, "आनंदीबाई!" खटल्यातून माणूस सुटू शकतो, म्हणीतून सुटत नाही.

तिसरी हरकत सर्वांत मोठी. हा खून 'न उकललेला' म्हणून दाखवतात, पण त्याची चौकशी झाली होती, निकालही लागला होता. रामशास्त्री प्रभुण्यांनी गादीवर बसलेल्या राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवलं, देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, आणि पद सोडून ते पुण्यातून निघून गेले. खाडिलकरांनी त्यावर 1909 साली 'भाऊबंदकी' हे नाटक लिहिलं. आमच्या गाईडनं त्याला एक वाक्य दिलं, तेही रस्ता ओलांडताना, मागून रिक्षा येत असताना.

राघोबादादा पुढं इंग्रजांच्या आश्रयाला गेले, 1775 साली सुरतेचा तह केला, साष्टी-वसई देऊ केली आणि लढाई ओढवून घेतली. 1783 साली कोपरगावी वारले ते आपल्या मरणानं. कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या कुणाही शेतकऱ्याला हे पटकन कळेल: दावा जिंकला, ताबा मिळाला नाही. म्हणजे कोडं 'कुणी केलं' हे नव्हे. खरा प्रश्न, न्यायाधीशानं निकाल दिला तरी त्याची बजावणी कुणी करायची? हा प्रश्न विचारला तर फेरी रंगणार नाही, कारण त्याला गर्दीतून एका सुरात उत्तर येत नाही.

चौथी हरकत. त्या अर्ध्या तासात अकरा माणसं गेली, असं इतिहासकार मोजतात. त्यांत चाकर होते, दोन कुणबिणी होत्या. चापाजी टिळेकर हा सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडला आणि तिथंच तुटला. फेरीत तो आलाच नाही. व्हाइटचॅपलच्या पाच जणींवर हॅली रुबेनहोल्ड या बाईंनी 2019 साली पुस्तक लिहिलं. त्या कोण होत्या, कुठं जन्मल्या, कशा जगल्या हे शोधून काढलं. खुन्याला त्यात फारसा थारा नाही. आपल्याकडं चापाजीला निदान एक ओटा तरी मिळावा, जिथं गाईड पाणी प्यायला थांबतो.

हे सगळं मी तावातावानं सांगतो, कारण आमच्या गावातही मढी आहेत, आणि पुण्याहून पुष्कळ जुनी. घोड नदीच्या काठी सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही डेक्कन कॉलेजची मंडळी 1968 ते 1983 पर्यंत खणत होती. तीन हजार वर्षांपूर्वीची घरं निघाली, आणि घरांच्या जमिनीखाली सांगाडे. मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडलेले! हे त्या गाईडच्या हाती पडलं असतं तर? 'फक्त पावलं नेणारा खुनी!' इनामगावला रोज दोन जादा गाड्या सोडाव्या लागल्या असत्या.

पण त्या मंडळींनी एक सांगाडा पाहून आरोळी ठोकली नाही. दुसरा पाहिला, दहावा पाहिला. डोकं उत्तरेला, शेजारी भांडी. लहान मुलं दोन मडक्यांची तोंडं जुळवून आत ठेवलेली. म्हणजे हा खून नव्हे, रीत. मेलेल्यानं घर सोडून जाऊ नये म्हणून पाय तोडत असावेत, असा त्यांनी तर्क केला. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात मात्र एक माणूस चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला सापडला, पाय शाबूत. तो गावचा मुख्य असावा, असं ते म्हणाले. इतकी वर्षं उन्हात खणूनही त्यांनी 'असावा' हा शब्द खोडला नाही.

फेऱ्या बंद करा असं मी म्हणत नाही. घरात बसून मालिका पाहण्यापेक्षा तटाखाली दोन तास चालणं केव्हाही चांगलं. फक्त भुताचा वेळ शास्त्र्यांना द्यावा, पाटीवर एकदा मोडी लिहावी, आणि आनंदीबाईंच्या नावापुढं एक 'असावे' जोडावं. 'धरावे'चं 'मारावे' झालं ते एकदाच. 'असावे'चं 'आहे' मात्र प्रत्येक फेरीत होतं, आणि त्याला दर माणशी तिकीट आहे.