दार कुणाला उघडतं?

ब्रूस चॅटविनचं ‘इन पॅटागोनिया’ १९७७ साली आलं. प्रवासवर्णनांच्या जगात या पुस्तकाचा मोठा बोलबाला आहे. दोस्तांनो, आपल्या कार्यकर्त्यांनी ते वाचलं पाहिजे. पण डोळे उघडे ठेवून.

पॅटागोनिया म्हणजे दक्षिण अमेरिकेचं पार खालचं टोक. अर्जेंटिना आणि चिली या दोन देशांत वाटलेलं. पूर्वेला वाऱ्यानं झोडपलेलं काटेरी माळरान, पश्चिमेला अँडीजचे बर्फाळ डोंगर, तळी, रानं, हिमनद्या. आणि सामुद्रधुनीपलीकडं तिएरा देल फुएगो बेट. या मुलखात चॅटविन एकटा हिंडला. पायी, बसनं, मिळेल त्या ट्रकनं. निमित्त काय, तर आजीच्या कपाटात लहानपणी पाहिलेला एका जनावराच्या कातड्याचा तुकडा!

माणूस कसबी आहे, हे कबूल. सत्त्याण्णव छोटी प्रकरणं. आपल्याकडच्या प्रवासवर्णनात नुसत्या सूर्योदयाला चार पानं लागतात. हा दोन ओळींत माणूस उभा करतो. हे त्याच्याकडून घ्यावं.

पण त्या पुस्तकातली दारं बघा. वेल्श शेतकरी, स्कॉटिश मेंढपाळ, जर्मन, रशियन. हा जातो आणि बहुतेक दारं उघडतात. चहा मिळतो, बिछाना मिळतो. गोरं कातडं आणि इंग्रजी भाषा हाच त्याचा परवाना. ही दारं ज्या जमिनीवर उभी आहेत ती कुणाची होती? १८७८ पासून अर्जेंटिनाच्या सैन्यानं मापुचे आणि तेहुएल्चे लोकांना तिथून हुसकलं, मारलं. तिएरा देल फुएगोत मेंढ्यांच्या कुरणांसाठी सेल्कनाम माणसांची शिकार झाली. शिकाऱ्यांना माणशी पैसे मिळत.

चॅटविन हे लपवत नाही. १९२१ चा मजुरांचा संपही तो सांगतो. पण सांगतो आणि पुढच्या प्रकरणाला लागतो. दरोडेखोर, विक्षिप्त म्हातारा, हत्याकांड – सगळ्यांना एकच माप. लेखणी कोरडी राहते, कारण लेखकाला निघून जाता येतं. ज्याला निघून जाता येत नाही, त्याला असा कोरडेपणा परवडत नाही.

त्याच माळरानावर आणखीही लोक लांबून येत होते. चिलोए बेटावरचे मजूर, मेंढ्यांची लोकर कातरायला. संपात बरेचसे तेच. मागण्या काय होत्या? खोलीत माणसं कोंबू नका. महिन्याला मेणबत्त्यांचा एक पुडा द्या. औषधाच्या पेटीवरच्या सूचना इंग्रजीऐवजी स्पॅनिशमध्ये लिहा. एवढंच! लेफ्टनंट कर्नल वारेलाच्या सैन्यानं शरण आलेल्यांनाही गोळ्या घातल्या. ओस्वाल्दो बायेर या अर्जेंटिनी लेखकानं १९७२ पासून खंडामागून खंड लिहून हा इतिहास उकरून काढला. त्याच्या हिशेबानं मेले सुमारे १५००. त्याला धमक्या आल्या, देश सोडावा लागला. एक लेखक हौसेनं त्या मुलखात गेला, दुसऱ्याला लिहिल्याबद्दल आपला मुलूख सोडावा लागला. मग प्रवासी कोण?

बाबासाहेबांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ आपण आत्मकथन म्हणून वाचतो. मला ते प्रवासवर्णनही वाटतं. १९०१ सालची मसूर स्टेशनपासूनची वाट आठवा. जात कळल्यावर गाडीवाला मिळेना. अखेर दुप्पट भाडं देऊन पोरांनीच बैलगाडी हाकायची आणि गाडीवाल्यानं बाजूनं पायी चालायचं, असं ठरलं. रात्री जेवण जवळ होतं, पाणी नव्हतं. या प्रवासात निसर्ग कुठं दिसायचा? नजर पाणी शोधत होती. चॅटविन विचारतो, पुढं काय बघायला मिळेल? बाबासाहेबांच्या पानांत प्रश्न आहे, पुढं पाणी मिळेल का?

हा प्रश्न ज्या लेखनात नाही, ते मुलूख पाहतं पण मुलखाचा मालक, मजूर आणि हुसकलेला माणूस यांचा हिशेब मांडत नाही. म्हणून चॅटविनची धार घ्या, त्याची सुटका घेऊ नका. ऊसतोडीला, वीटभट्टीला दरवर्षी शेकडो कोस जाणारी माणसं आपल्याच वस्त्यांत आहेत. वाटेत त्यांना कुठलं दार उघडलं, कुठलं नाही, पाणी कुणी दिलं, हे गावांच्या नावानिशी लिहा. तेही प्रवासवर्णनच.