फुलांची शाळा

ग्सीना म्हलोफे हे नाव आपल्याकडे फारसे कानावर आलेले नाही. दक्षिण आफ्रिकेतील हॅमर्सडेल येथे १९५८ साली जन्मलेल्या या बाई नटी, कवयित्री आणि गोष्टीवेल्हाळ. जोहान्सबर्गला त्यांनी मोलकरणीचे कामही केले. पण त्यांची खरी ओळख पटते ती १९८६ च्या ‘हॅव यू सीन झांडिले?’ या नाटकात. दोन मैत्रिणींच्या साथीने त्यांनी ते रचले आणि आपल्याच बालपणावर बेतलेली झांडिले मार्केट थिएटरात स्वतःच उभी केली.

त्यातला एक प्रवेश आम्हां मास्तरलोकांना झोंबावा असा आहे. आजीच्या बागेत चिमुरडी झांडिले छडी घेऊन फुलांची शाळा भरवते. गोरा इन्स्पेक्टर येणार, त्याला आपली नावे उच्चारता येत नाहीत. म्हणून प्रत्येक फुलाला इंग्रजी नाव! तिच्या स्वतःच्या नावाचा अर्थ तर ‘मुली वाढल्या’. आपल्याकडची नकुशीच म्हणा ना! वर्णद्वेषी राजवटीवर एक अक्षर व्याख्यान नाही, पण तिची सारी शाळा त्या ताटव्यात दिसते.

पुढे आई तिला आजीपासून तोडून दूर नेते. बाईंनी आईलाही दुष्ट रंगवलेले नाही, तिचे दुःख तिला बोलू दिले आहे. हे मला फार मोलाचे वाटते. पोर आजीला पत्र लिहिते ते वाळूत. मोठी होऊन शोधत येते, तो आजी गेलेली. हाती येते एक पेटी, नातीसाठी जपलेल्या भेटींनी भरलेली. इथे रडारड माजवायला कितीसा वेळ लागला असता? बाई फक्त पेटी उघडतात.