चित्रपट आणि मुले : एका जुन्या संशोधनाचा परामर्श

चित्रपटाने मुले बिघडतात की नाही, हा प्रश्न सुशिक्षित कुटुंबांत जेवणाच्या पानावर निघतो आणि ताकभात येण्यापूर्वीच त्याचा निकालही लागतो. चित्रपटाच्या जागी पुढे दूरदर्शन आले, आता मोबाईल आला. प्रश्नातला एक शब्द तेवढा बदलला, निकाल तोच राहिला. 'हे संशोधनाने सिद्ध झाले आहे' अशी पुस्ती हल्ली त्याला जोडण्यात येते. ते संशोधन कोणते आणि त्यात खरोखर काय आढळले, हे पाहण्याची तसदी मात्र क्वचितच कोणी घेतो. या दोषातून आम्हीही मुक्त नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पालकसभेत आम्ही या विषयावर आवेशाने व्याख्यान दिले व अमेरिकेतील एका संशोधनाचा हवालाही दिला. व्याख्यान संपल्यावर एका गृहस्थांनी 'आजपासून आमच्या घरचा टीव्ही बंद' असे जाहीर केले, तेव्हा आम्हांस धन्यता वाटली. ज्या ग्रंथांचा आम्ही हवाला दिला, ते तोपर्यंत आम्ही उघडूनही पाहिलेले नव्हते. पुढे ते वाचले. प्रस्तुत लेख हा त्या वाचनाचा वृत्तांत होय.

हे संशोधन 'पेन फंडाचे संशोधन' म्हणून प्रसिद्ध आहे. पेन फंड नावाच्या अमेरिकेतील खाजगी निधीच्या द्रव्यसाहाय्याने, ओहायओ स्टेट विद्यापीठातील डब्ल्यू. डब्ल्यू. चार्टर्स यांच्या देखरेखीखाली, १९२९ ते १९३२ या काळात अनेक विद्यापीठांतील मानसशास्त्रज्ञ व समाजशास्त्रज्ञ यांनी मुलांवर चित्रपटांचा काय परिणाम होतो हे तपासले. आणि १९३३ पासून त्यांचे ग्रंथ न्यूयॉर्क येथे छापून निघू लागले. या मंडळींच्या चिकाटीचे कौतुक केल्यावाचून राहवत नाही. एका गटाने मुलांच्या पलंगांना यंत्रे जोडून, चित्रपट पाहून आलेले मूल रात्री किती तळमळते, याची नोंद ठेवली. दुसऱ्याने प्रेक्षकांच्या अंगाला विद्युत्‌मापक लावून भीतीच्या व प्रेमाच्या प्रसंगी त्यांच्यात काय फरक पडतो तो टिपला. हर्बर्ट ब्लूमर यांनी तर शेकडो तरुणांकडून त्यांची 'चित्रपटविषयक आत्मचरित्रे' लिहवून घेतली.

या सर्वांत आमच्या मते मोलाचा ग्रंथ रूथ पीटरसन व एल. एल. थर्स्टन यांचा आहे. एखाद्या मानवसमूहाविषयी मुलांचे मत किती अनुकूल वा प्रतिकूल आहे, हे मोजण्याची पट्टी त्यांनी तयार केली आणि चित्रपटापूर्वी व चित्रपटानंतर तीच मुले तिने मोजली. इलिनॉय राज्यातील क्रिस्टल लेक या लहानशा गावी त्यांनी ग्रिफिथ यांचा १९१५ सालचा 'द बर्थ ऑफ अ नेशन' दाखविला. कृष्णवर्णीयांचे विकृत चित्र रेखाटणारा व कू क्लक्स क्लॅन या दहशती टोळीचा गौरव करणारा हा चित्रपट पाहून मुलांचे मत कृष्णवर्णीयांविरुद्ध स्पष्टपणे झुकले. पाच महिन्यांनी पुन्हा मोजले, तेव्हाही तो कल बऱ्याच अंशी टिकून होता. परंतु याच ग्रंथातील दुसरा प्रयोग आम्ही व्याख्यानात सांगितला नव्हता, कारण तो आम्हांस ठाऊकच नव्हता. १९३० सालचा 'सन ऑफ द गॉड्स' पाहून दुसऱ्या गावच्या मुलांचे चिनी लोकांविषयीचे मत पूर्वीपेक्षा अनुकूल झाले. म्हणजे जे साधन द्वेष शिकवते, तेच आपुलकीही शिकवू शकते. चित्रपटाचा परिणाम होतच नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा ग्रंथ अवश्य वाचावा. आणि तो वाईटच होतो असे म्हणणाऱ्यांनी तर दोनदा वाचावा.

तथापि हा ग्रंथ मिटताना एक प्रश्न मनात उरतो. क्रिस्टल लेकच्या मुलांचा कृष्णवर्णीय माणसांशी प्रत्यक्ष परिचय जवळजवळ नव्हताच. पडद्यावरील साक्षीला उलट साक्ष देणारा कोणी त्यांच्या अनुभवात नव्हता. जेथे शेजारच्या घरी कृष्णवर्णीय कुटुंब नांदत आहे, शाळेत एका बाकावर बसून डबा खाल्ला जात आहे, तेथे हाच आकडा आला असता काय? पट्टी मन किती हलले ते सांगते. ते इतक्या सहज का हलले, हे सांगत नाही.

गुन्हेगारीसंबंधीच्या ग्रंथाचेही तेच. ब्लूमर व हाउझर यांनी बालगुन्हेगार व तरुण गुन्हेगार तपासले आणि सुमारे १० टक्के मुलगे व २५ टक्के मुली यांच्या बाबतीत चित्रपट हे एक महत्त्वाचे कारण असावे, असा अंदाज केला. हा अंदाज बव्हंशी त्या मुलामुलींच्याच सांगण्यावर उभा आहे. आपल्या अपराधाचे कारण विचारले असता, घरच्या दारिद्र्यापेक्षा किंवा बापाच्या व्यसनापेक्षा चित्रपटाचे नाव सांगणे कोणासही सोपे जाईल, ही शंका येथे घेतलीच पाहिजे.

एवढ्या सावध व परस्परांस तोलून धरणाऱ्या निष्कर्षांतून जगाच्या कानी काय गेले? हेन्री जेम्स फोरमन यांनी १९३३ मध्येच या संशोधनाचा एक लोकप्रिय गोषवारा लिहिला. त्यांनी मूळ ग्रंथांतील भयावह तेवढे वेचून पुढे मांडले व सौम्य ते मागे ठेवले. पुस्तक अफाट खपले. पुढे मॉर्टिमर ॲड्लर यांनी १९३७ मध्ये या साऱ्या संशोधनावर कडक टीका केली. पण टीकेचा ग्रंथ जाडजूड व तत्त्वचर्चेचा, तो पालकसभेत कोण वाचणार? आमच्या व्याख्यानातली माहिती अखेर फोरमन यांच्याच घरची होती, हे आता आम्हांस कबूल करणे भाग आहे.

या इतिहासातील सर्वांत उद्बोधक ग्रंथ मात्र न छापलेला आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातील पॉल क्रेसी यांनी त्या शहरातील एका दाट वस्तीत राहून तेथील मुलांचा व चित्रपटांचा संबंध पाहिला. फ्रेडरिक थ्रॅशर यांच्यासह त्यांचा ग्रंथ या मालेत निघावयाचा होता; तो निघालाच नाही. क्रेसी यांचे म्हणणे असे की, मुलगा चित्रगृहात एकटा जात नाही. आपले घर, आपली गल्ली, आपले सवंगडी व आपला स्वभाव घेऊन जातो, आणि जे पाहतो त्याचा अर्थ त्या सर्वांच्या साहाय्याने लावतो. म्हणून चित्रपटाचा परिणाम त्यापासून वेगळा काढून मोजणे व्यर्थ होय. १९३८ मध्ये त्यांनी हे एका निबंधात मांडले; पण त्यांच्या अप्रकाशित हस्तलिखिताचा उरलेला भाग अभ्यासकांच्या हाती छापील रूपाने आला तो १९९६ साली, म्हणजे जवळजवळ पाच तपांनंतर. जो ग्रंथ पालकांस बेचैन करून स्वतःच्या घराकडे पाहावयास लावता, तोच नेमका मागे राहिला.

आपल्याकडे हा विचार अगदीच परका नाही. दिवाणबहादुर रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालील १९२७-२८ च्या चित्रपट समितीने देशभर हिंडून साक्षी घेतल्या. त्यांत दादासाहेब फाळके यांचीही साक्ष होती. आणि अलीकडे, २००९ मध्ये, रॉबर्ट जेन्सन व एमिली ऑस्टर यांनी गोव्यासह भारतातील पाच प्रदेशांच्या पाहणीवरून असे दाखविले की, गावात केबल आल्यानंतर पत्नीला मारणे योग्य मानणाऱ्या आणि मुलगाच हवा म्हणणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण घटले. हीदेखील सांगितलेली मते आहेत, घडलेले आचरण नव्हे, हे विसरून चालणार नाही. तरीही ज्या पडद्याला आम्ही सभेत केवळ विष ठरविले, त्याने एखाद्या घरातील बाईला निराळ्या घराचे दर्शन घडविले असेल, हे मान्य करणे प्राप्त आहे.

ज्या गृहस्थांनी टीव्ही बंद केला, त्यांची पुढे एकदा गाठ पडली. मुलगा सायंकाळी शेजाऱ्यांकडे जाऊन बसतो, अशी त्यांची तक्रार होती. तो तेथे काय पाहतो, असे आम्ही विचारले. ते त्यांना सांगता आले नाही. पूर्वी मुलाशेजारी बसून ते निदान पाहत तरी होते. आम्ही त्यांना चुकीचा सल्ला दिला होता, हे त्या वेळी आमच्या तोंडून निघाले नाही. ते येथे लिहून ठेवतो.